आठ ग्रहांचा मुक्काम

बासष्ट सालच्या पौषात महागावच्या बाजारात दोनच मालांना उठाव होता, तुपाला आणि भीतीला. तूप होमात ओतायला लागत होतं आणि भीती कुठंही ओतता येत होती. पौषी अमावास्येला आठ ग्रह एका राशीत गोळा होणार, अष्टग्रही लागणार, जग बुडणार, असं पंचांगवाल्यांनी सांगितलं होतं, वर्तमानपत्रांनी छापलं होतं, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी पदरची भर घालून पुढं पाठवलं होतं.

जग बुडणार म्हटल्यावर माणसं कशी वागतात हे पाहण्यासारखं असतं. एकानं शेजाऱ्याच्या शेतात सरकवलेला बांधाचा धुरा एका संध्याकाळी मुकाट्यानं मागं घेतला. (अमावास्या सुखरूप गेल्यावर त्यानं तो पुन्हा पुढं नेला, ते वेगळं.) एकानं कित्येक वर्षं न बोललेल्या भावाला जेवायला बोलावलं आणि दुसऱ्या भाकरीला पुन्हा भांडण उकरून काढलं. नेहमी मापात मारणारा दुकानदार पायलीवर मूठभर ज्वारी वरून टाकू लागला आणि टाकताना आभाळाकडं पाहू लागला, कोणी नोंद घेतंय की नाही म्हणून.

धावजी नाईक हे सारं पाहत होता आणि मिशीत हसत होता.

महागावपासून कोसभरावर त्याचा तांडा. वय साठीच्या पुढं, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात मुलगा, सून चंदा आणि दोन म्हशी. लेक बसंती पुसदच्या खाली, पैनगंगेच्या अंगाला असलेल्या एका तांड्यात दिलेली. धावजीच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. आगगाडी आली, मोटार आली, लदेणी बसली, तांडे जागोजाग थांबून शेती करू लागले; पण धावजीची वर पाहायची खोड काही गेली नाही. लहानपणी बापानं त्याला लादलेल्या बैलावर उताणं निजवून आभाळ शिकवलं होतं. शिकवणी सोपी होती. वरही तांडाच चाललाय. ज्या चांदण्या एकमेकींना सोडून जात नाहीत, ती गावं. ज्या जागा बदलतात, ते आपल्यासारखे फिरस्ते. रस्ता गावांवरून ओळखायचा, फिरस्त्यांच्या नादी लागायचं नाही.

त्यामुळं अष्टग्रहीचं कोणी विचारलं की त्याचं उत्तर तयार असे.

“आठ फिरस्ते एका पाणवठ्यावर उतरून राह्यले. आमचे तांडे उतरत, तवा गावाचं काय बुडे? शेणाचे पो पडत, दुसरं काय.”

“अन् नाईक, खरंच जग बुडालं मंग?”

“बुडालं तं मले येऊन सांगजो.”

हिवाळा लागल्यापासून तो मावळतीकडं डोळा ठेवून होता. गुरू आणि शनी दिवस बुडाल्यावर पश्चिमेला दिसत. रोज थोडे खाली, रोज थोडे खाली. संक्रांतीच्या आगंमागं दोघंही सांजेच्या उजेडात शिरले ते दिसेनासेच झाले. बाकीचेही सूर्याच्याच आसऱ्याला. म्हणजे ज्याला भिऊन लोकांची झोप उडाली होती ते कोणालाच दिसणार नव्हतं. धावजीला याची फार गंमत वाटे. न दिसणाऱ्या गोष्टीला माणूस किती मन लावून भितो.

या गमतीत त्याला एक जोडीदार होता, तांड्याच्या शाळेवरचे उकंडा गुरुजी. आधीची लेकरं जगली नाहीत म्हणून जन्मल्याबरोबर आईबापांनी त्यांना उकिरड्यावर ठेवून उचललं होतं, नशिबाला वाटावं की हे टाकाऊ आहे. नशीब फसलं, पोर जगलं, आणि मोठं होऊन नशिबाच्याच मुळावर उठलं. छप्पन सालच्या दसऱ्याला गुरुजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. आल्यावर घरातून पंचांग गेलं, नवस गेले, मुहूर्त गेले. नाव तेवढं राहिलं, कारण त्या नावानं हाक मारणारी आई अजून जिवंत होती.

संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर दोघं बसत. गुरुजींनी यवतमाळहून एक जाड पुस्तक आणलं होतं. त्यातलं ते सांगत आणि धावजी तंबाखू मळत मान डोलवी.

“नाईक, हे आभाळ वाचणं कुठून सुरू झालं माहीत आहे का? मिसर देशात नदीला पूर यायचा. पुरावर शेती. आता पूर येणार केव्हा? तर पहाटे एक तारा बऱ्याच दिवसांनी परत दिसायचा. आपला व्याध. तो दिसला की नदी चढायची. झालं, पाहायला लागले.”

“म्हंजे पोटासाठी.”

“पोटासाठी. बाबिलोनमध्ये मात्र भीतीसाठी. तिथं उंच बुरूज बांधून पुजारी पाहत बसायचे. दिसलं ते ओल्या मातीच्या विटेवर कोरायचे, वीट वाळवून ठेवायचे. कोणता ग्रह कुठं होता, अन् खाली काय घडलं. पिढ्यान् पिढ्या.”

“चांगलं हाये. म्हंजे वरचंबी लिवत अन् खालचंबी.”

“पण ऐका तर. ग्रहण लागून राजावर वाईट येणार असं दिसलं, की ते काय करायचे? एखादा गरीब धरून आणायचे, त्याला राजाचे कपडे घालायचे, गादीवर बसवायचे. वाईट आलं तर त्याच्यावर येऊ दे. अन् मुदत संपली की त्याला मारून टाकायचे. म्हणजे वाईट आलं अन् गेलं, असा हिशोब पुरा.”

धावजीची तंबाखू मळायची थांबली. “त्या गरिबाचं नाव लिवलं का इटंवर?”

“ते पुस्तकात नाही.”

“नसनच,” धावजी म्हणाला आणि चिमूट दाढेखाली धरली.

दोघांनी मिळून बेत केला होता. अमावास्येच्या आगंमागं, भीतीच्या ऐन दिवसांत, आसपासच्या वस्त्यांनी ठरवलं होतं की बैल जुंपायचे नाहीत, शीव ओलांडायची नाही, दारं लावून नाव घेत बसायचं. गुरुजी म्हणाले, आपण शाळा भरवू. धावजी म्हणाला, मी गाडी जुंपतो अन् पोरं बसवून शिवारभर फिरवतो, सारे पाहोत. बेत चांगलाच होता. फक्त त्यात एक बारीक गोष्ट होती जी धावजीनं स्वतःशीही कबूल केली नव्हती. जन्मभर आभाळ पाहिलेल्या माणसाला एकदा तरी चारचौघांत खरं ठरायचं असतं. त्याचा फेटा अलीकडं जरा ताठ बांधला जात होता, एवढीच काय ती खूण.

अशात एक फेरीवाला आला. तांड्यातांड्यांतून मणी, आरसे, कवड्या विकणारा. बायांच्या घोळक्यातून मोकळा होऊन तो धावजीजवळ येऊन टेकला.

“नाईक, बसंतीबाईचा सांगावा हाये. म्हणे, बाले म्हणा, ग्रह गोळा व्हायच्या आधी इकडे या. अन् ते जाईपर्यंत इथंच राहा.”

“आणखी काय म्हणे?”

“बस, एवढंच म्हणे. दोनदा म्हणे.”

धावजी आधी हसला. मग त्याला थोडं वाईटही वाटलं. आपली बसंती, जिला आपण चालता येण्याआधी आभाळातली हरणी आणि सात चांदण्यांचं खाटलं दाखवलं, तीही भ्याली. सासरच्या तांड्यातलं वारं लागलं. ती पोटुशी होती, त्याला माहीत होतं. पण सगळ्यांच्या मोजणीनं बाळंतपण होळीला येत होतं, म्हणजे घाई नव्हती. पहिलं पोर चार वर्षांचं झालं होतं.

“तिले सांगजो, भेऊ नको,” तो म्हणाला. “ग्रह उठले का दुसऱ्याच दिवशी येतो म्हणा. येतो अन् हसतो तुले.”

फेरीवाल्यानं पेटी उचलली. आतल्या बाजूनं चंदाचा आवाज आला. सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. जे सांगायचं ते ती म्हशीला सांगे, आणि म्हैस काही उत्तर देत नसल्यामुळं ते सासऱ्याला ऐकू जाई.

“का वं,” चंदा म्हशीला म्हणाली, “लेकीनं बोलावलं तं बापानं जावं का नाही? दोनदा म्हणे म्हंजे काही असंनच ना.”

धावजी म्हशीकडं पाहून म्हणाला, “तिले सांग, इथं सारा तांडा मायाकडं पाहून राह्यला. मी गेलो तं म्हणतीन नाईकच पयाला.”

“तांडा काय,” चंदा म्हशीला म्हणाली, “तांड्याले पाहाले गुरुजी हायेत.”

म्हैस रवंथ करत राहिली. धावजीनं फेटा बांधला आणि शाळेकडं गेला. गुरुजींच्या कानावर त्यानं निरोप घातलाही, पण असा घातला की उत्तर त्यातच होतं. “लेक भेऊन बोलावते हो,” असं तो म्हणाला, आणि गुरुजी म्हणाले, “मग तर इथंच राहा, नाईक. तिला पुढं सांगायला बरं.” गुरुजींना दोष देता येत नाही. ज्या मापानं विचारलं त्याच मापानं त्यांनी मोजून दिलं.

ते दिवस आले. आजूबाजूची गावं दारं लावून बसली. भजनाचा आवाज तेवढा वाऱ्यावर येई. शिवारात कापसाची बोंडं फुटून लोंबत होती, वेचायला कोणी नव्हतं. आणि त्या मोकळ्या शिवारातून धावजी नाईकाची गाडी चालली होती. बैलांच्या शिंगांना त्यानं गोंडे बांधले होते. गाडीत शाळेची पोरं बसून पाढे म्हणत होती, मागून गुरुजी छत्री घेऊन चालत होते. धावजी प्रत्येक वस्तीसमोर गाडी उगाच थांबवी. फटीतून डोळे दिसत. तो फटीला म्हणे, “या ना, बसा. जागा हाये.” कोणी येत नसे, पण तिसऱ्या दिवशी, ऐन अमावास्येला, दोन दारं उघडली आणि एक म्हातारा चक्क गाडीला टेकून विडी ओढून गेला. धावजीला त्या दिवसाइतका आनंद लदेणीच्या काळानंतर झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवला. जग होतं तसंच होतं. धावजीनं उजाडायच्या आत गाडी जुंपली, एका फडक्यात ज्वारीचा हुरडा बांधला, दुसऱ्यात बोरं, आणि तो लेकीला हसायला निघाला. वाटभर तो एकटाच बोलत होता. तिला काय काय म्हणायचं त्याची जुळणी चालली होती. “काहो बसंतीबाई, बुडालं का जग? का अर्धंच बुडालं?” असं सुरू करायचं, मग ती रागावून तोंड फिरवील, मग हुरडा पुढं करायचा. वाटेत गावं हळूहळू दारं उघडत होती आणि माणसं एकमेकांकडं बघून ओशाळं हसत होती.

दिवस कलता तो बसंतीच्या तांड्यात शिरला. डोंगरसिंगच्या, म्हणजे जावयाच्या, अंगणात गाडी सोडतो न सोडतो तोच बायांनी त्याला घेरलं. विहीण मैनाबाई पुढं आली, तिनं त्याच्या खांद्यावर दोन्ही हात ठेवले, कपाळ टेकवलं आणि सूर लावून रडू लागली. मागून आणखी दोघी-तिघी.

गोरांच्या, म्हणजे बंजाऱ्यांच्या, बाया भेटीला रडतात. माहेरचं माणूस आलं, बऱ्याच दिवसांनी आलं, की गळ्यात पडून, शब्दाला शब्द जुळवून, सुरात रडायचं, ही भेटीची रीत. तू आलास, वाट दूर होती, तुझे पाय दुखले असतील, आमच्या डोळ्यांत पाणी नव्हतं ते तू आणलंस. पाहुण्यानं तोवर मान खाली घालून उभं राहायचं. सूर संपला की बाया पदरानं डोळे पुसतात, पाणी आणतात आणि बैलांची चौकशी करतात. धावजीनं जन्मात असं शेकडो वेळा उभं राहून घेतलं होतं. कोणाचा सूर पक्का, कोण नुसतीच हुंदके भरते, हेही तो मनात नोंदवून ठेवी. आजही त्यानं नोंदवलं, मैनाबाईचा सूर आज फार चांगला लागलाय. घशातून नाही, पोटातून येतोय.

थोडा वेळ गेला. धावजीच्या हातात हुरड्याचं फडकं तसंच होतं. तो गालात हसून म्हणाला, “झालं आता, ईन. होळीले काही ठेवसान का नाही? बसंतीले बोलवा. तिचं रडणं राह्यलं ना अजून.”

सूर तुटला. कोणी डोळे पुसले नाहीत. कोणी पाण्याला गेलं नाही. बैलांचं कोणी विचारलं नाही. मैनाबाईनं त्याच्या खांद्यावरचे हात काढले आणि ती त्याच्याकडं अशी पाहू लागली की धावजीनं आधी स्वतःच्या कपड्यांकडं पाहिलं, काही चुकलंय का म्हणून.

“इवाई,” ती म्हणाली, “हे ते रडणं नोहे.”

त्याला बसवलं. पाणी दिलं. तो पाणी हातात धरून राहिला.

“काल तिले जाळली,” मैनाबाई म्हणाली. “अवसेच्या आदल्या रात्री पोट दुखाले लागलं. दिवस भरले नव्हते. बाई आडली. सुईण म्हणे, मायाच्यानं होत नाही, पुसदले न्या. तीन कोस तं हाये दवाखाना. कोण नेईन? तांड्यानं आण घातलती, बैल जुंपायचे नाही, शिवेच्या बाहेर पाय टाकाचा नाही. डोंगर दोनदा बाहेर गेला अन् दोनदा आत आला. सकाळी पोरगी झाली. दुपारी बसंती गेली. तुमाले सांगाले कोणी निघे ना.”

“मले बोलावलं होतं तिनं,” धावजी म्हणाला.

“हो.”

“मले वाटलं भ्याली.”

मैनाबाईनं पदर नीट केला. तिला बोलायचं नव्हतं असं दिसत होतं. पण ठेवून घेणंही तिला जमत नव्हतं.

“तुमचा सांगावा आलता. तो फेरीवाला सांगून गेला. हसली ती. मले म्हणे, बाले वाटलं मी भेली. मंग उलशीक चूप बसली. इवाई, तिले आधीपासून दुखे. खाली उतरल्यावाणी वाटे. आता फेरीवाल्याजवळ पोटाचं कसं सांगावं बाईमाणसानं, तेबी बापासाठी? म्हणून ग्रहाचं सांगितलं. मले म्हणे, इथले माणसं भेकड हायेत, ऐन वक्ताले कोणी गाडी जुंपणार नाही. माया बा जुंपीन. पह्यल्या खेपेची रात्र ती मले कितीकदा सांगे. तुम्ही तिले गाडीत टाकून रातोरात पुसदले नेलती. तुम्ही म्हणे, मी बैलाकडे पाह्यतो, तू वर पाह्य अन् मले सांगत जाय, खाटलं कुठं आलं, हरणी कुठं गेली. सांगता सांगता दुखणं विसरली म्हणे. यावक्ती तसंच करू म्हणे.”

धावजीच्या हातातलं पाणी सांडलं नाही, तो इतका स्थिर बसला होता. त्याच्या डोळ्यांपुढं लेक येत नव्हती. त्याच्या डोळ्यांपुढं आपलीच गाडी येत होती. शिंगांना गोंडे बांधलेली, प्रत्येक दारासमोर थांबणारी. त्या दिवशी साऱ्या मुलखात कदाचित ती एकच गाडी जुंपलेली होती. आणि तिच्यात जागा होती.

सांजेच्या आधी तांड्यातले जाणते आले. ओळीनं बसले. चांगली माणसं होती. त्यांनी बरोबर तेच आणलं होतं जे अशा वेळी आणायचं असतं.

“नाईक,” त्यांच्यातला वडीलधारा म्हणाला, “मन लहान करू नका. एका ग्रहापुढं माणसाचं चालत नाही, हे तं आठ होते. कोणी काही करू शकलं नसतं. तुम्ही असते तरी काय करते?”

“खरं हाये,” बाकीचे म्हणाले.

धावजीनं मान वर केली. ती वस्तू त्याच्यापुढं ठेवलेली होती, अगदी हाताच्या अंतरावर. घेतली की सुटला असता. जन्मभर ज्या गोष्टीवर तो हसला तिलाच टेकून उरलेली वर्षं निघाली असती, आणि कोणी त्याला नाव ठेवलं नसतं. लोक तर उलट म्हणाले असते, बघा, एवढा जाणता नाईक, पण शेवटी मानलं. त्याचं मन तिकडं गेलंही. माणूस बुडताना काय धरतो याची तो इतका वेळ गंमत पाहत आला होता. आता त्याचाच हात पुढं होत होता.

तेवढ्यात आतून लेकराचं रडणं आलं. बारीक, चिवट, मांजरासारखं.

“तिले कोण पाजते?” धावजीनं विचारलं.

मैनाबाई दारातूनच म्हणाली, “शेळीचं दूध कापसानं चोखवते. बाजूच्या घरी वली बाळंतीण हाये, पण ते लोक घेऊ देत नाहीत. अष्टग्रहीची हाये म्हणतेत. मायले खाऊन आली म्हणतेत.”

“म्हणतेत कायले, हायेच ते,” एक जण म्हणाला, खालच्या आवाजात, वाईटपणानं नव्हे, माहिती म्हणून. “नाईक, तिचा काही बंदोबस्त कराच लागन. एवढे ग्रह अंगावर घेऊन आली. घरात ठेवणं बरोबर नाही. दूर कोणाले देऊन टाकावं, नाही तं...” तो थांबला. नाही तं काय, हे त्यानं सांगितलं नाही. शेळीचं दूध कापसानं किती दिवस चालतं, हे तिथल्या सगळ्यांना ठाऊक होतं.

धावजीनं पाण्याचा लोटा खाली ठेवला.

“ग्रहानं काही केलं नाही,” तो म्हणाला.

“नाईक, तुमाले आता दुःखात...”

“ऐका. ग्रह तिकडे सूर्यामागं होते. तुमाले दिसले का? मले नाही दिसले, अन् मी रोज पाहणारा माणूस हावो. ते बिचारे आपल्या वाटेनं चालले अन् गेले. माया लेकीनं मले बोलावलं, मी आलो नाही. मले तिकडे फुशारकी मारायची होती. ती गाडीवाचून मेली. मायी गाडी तिकडे फुकटची फिरत होती. बस, एवढंच झालं. त्या पोरीनं काही केलं नाही. ती तं फक्त जन्मली.”

तो स्वतःवरच बोलत होता. पण आंधळ्यालाही दिसावं असं ते होतं. गाडीवाचून मेली, तर गाड्या या तांड्यातही होत्या. बैलही होते. अंगणात बसलेल्या प्रत्येकाच्या दावणीला होते. वडीलधारा आधी उठला. त्यानं काठी घेतली, राम राम केला नाही. मग एकेक करून सगळे उठले. त्यांनी समाधान आणलं होतं आणि त्याबदल्यात त्यांना जे मिळालं ते घेऊन घरी जाणं कोणालाच सोपं नव्हतं. शेवटचा माणूस जाताना अंगणाची ताटी लावून गेला, जोरात.

डोंगरसिंग तेवढा राहिला. मघापासून तो भिंतीला टेकून बसला होता, पंचविशीचा असेल-नसेल. त्यानं अजून सासऱ्याकडं पाहिलं नव्हतं.

“बा,” तो म्हणाला, “तुम्ही बोलून मोकळे झाले. मले इथंच राहाचं हाये.”

धावजी त्याच्याजवळ सरकून बसला.

“त्या रात्री मी दावणीजवळ गेलो. दावं सोडलं. बैलानं मायाकडं पाह्यलं. मी वर पाह्यलं. अंधार होता. मले वाटलं, शीव ओलांडली अन् खरंच काही झालं तं दोघंही जातीन. मी दावं बांधलं. आत ती वरडे. मी आणखी गेलो. आणखी बांधलं.” तो थांबला. “तुम्ही म्हणता ग्रह नव्हते. मंग बा, ते काय होतं? मले सांगा. मी काय म्हणून जगू?”

याचं उत्तर धावजीला येत नव्हतं असं नाही. भीती, एवढंच उत्तर होतं. पण ते या पोराच्या हातात दिलं तर तो पुढची पन्नास वर्षं ते घेऊन रोज दावणीपाशी जाईल, हे त्याला दिसत होतं. स्वतःच्या हातात जे आलं होतं त्याचं काय करायचं, हेही त्याला कळलं नव्हतं. त्याचं निदान आयुष्य संपत आलेलं. आणि या पोराला त्यानं भर अंगणात, सगळ्यांसमोर, उघडा केला होता.



“तुले पाह्यजेत तं तू ठेव ग्रह,” धावजी शेवटी म्हणाला. “मी तुयाजवळून नेत नाही. कोणी विचारलं तं म्हण, ग्रह होते. मायासमोर म्हटलं तरी मी काही बोलणार नाही. पण त्या पोरीवर नको ठेवू. तिच्याच्यानं नाही उचलणार.”

मैनाबाई लेकराला घेऊन दारात आली होती. जुन्या धडप्यात गुंडाळलेलं, मूठभर. ती डोंगरसिंगसमोर येऊन उभी राहिली. जन्मल्यापासून बापानं त्या पोरीला हात लावला नव्हता.

डोंगरसिंगनं आधी ताटीकडं पाहिलं, बाहेर कोणी आहे का. मग शेजारच्या घराच्या फटीकडं पाहिलं. मग सासऱ्याकडं.

धावजी उठला, त्याच्याकडं पाठ केली आणि बैलांना पाणी दाखवायला गाडीमागं गेला.